शेवरीला वारं दावायचं राहिलं

गारमाळावर थंडी पंचांग बघून येत नाही. खाली विंझरला माणसं अजून पंख्याखाली झोपत असतात, तेव्हा वर भागूबाईच्या घरात दिवसभर चूल पेटलेली असते आणि सकाळी पाण्याच्या हंड्यात हात घालायचा म्हणजे आधी देवाचं नाव घ्यावं लागतं. वेल्ह्याची एसटी सोडून दीड तास उभा चढ चढला की हा माळ लागतो. धनगरांची चार घरं. दोन घरांना कुलूप, तिसऱ्यात भागूबाईचा दीर भैरवनाथ, चौथं तिचं. तिचं वय विचाराल तर ती आधार कार्ड पुढे करेल. त्यावर जन्मतारीख एक जानेवारी आहे. माळावरची सगळीच माणसं एक जानेवारीला जन्मली आहेत, तेव्हा त्यावर फार विसंबू नये. साठी उलटली आहे एवढं खरं.

तिचे मालक बाजी. झाडावर चढावं तर बाजींनीच, असं त्या डोंगरात सगळे म्हणत. चैत्र-वैशाखात गवत संपतं आणि शेळ्या जगतात त्या टहाळावर, म्हणजे झाडावरून तोडून खाली टाकलेल्या पाल्याच्या फांद्यांवर. पूर्वी घराजवळ टहाळ मिळायचा. मग झाडं कमी होत गेली आणि बाजी दरवर्षी थोडे लांब जात गेले. दोन वर्षांमागे चैत्रात ते थेट खालच्या घळीत गेले, तिथल्या जुन्या उंबरावर चढले आणि फांदीसकट खाली आले. मांडीचं हाड मोडलं. घोंगडीची झोळी करून चौघांनी त्यांना उतरवलं. पुण्यात ऑपरेशन झालं, आत सळई बसली. दिवाळीपर्यंत हाड जुळलं आणि डॉक्टरांनी सांगितलं, "आता चाला. जितकं चालाल तितकं चांगलं."

बाजी घरी आले आणि चुलीपाशी बसले, ते बसलेच.

भागूबाईने त्यांची सेवा करण्यात काही म्हणता काही कमी केलं नाही. सकाळी पेज हातात, चहा हातात, दुपारी पायाला तेल. दारातून वाऱ्याची झुळूक आली की ती उठून दार लोटायची. बाजी उठायला गेले तर "आवं, बसा की, म्या देते," म्हणत धावायची. माणूस मरणाच्या दारातून परत आलेला. त्याला फुलासारखं जपायचं नाही तर काय करायचं? बाजीही बसत. पूर्वी ज्यांच्या हाकेने पलीकडच्या टेपावरचा, म्हणजे टेकाडावरचा कळप वळायचा, ते आता दिवसाला चार शब्द बोलत, आणि त्यातले दोन "व्हय" असत.

त्या दिवाळीत मुलगा सिद्धनाथ आणि सून वर्षाराणी वर आले. सिद्धनाथ महामार्गाच्या बाजूला एका कंपनीत कामाला आहे, किकवीत दोन खोल्या घेऊन राहतो. भाऊबीज झाली आणि त्याने विषय काढला.

"आय, आता बास झालं. दादा झाडावर चढायचं न्हाईत आन तुला चढून द्यायचं न्हाई. बत्तीस शेळ्या उन्हाळ्यात खानार काय? शेळ्या काढू आन तुमी दोघं खाली चला."

पोराचं बोलणं वाकडं नव्हतं, हीच खरी पंचाईत होती. वाकडं असतं तर भागूबाईने त्याला दोन शब्दांत गप्प केलं असतं. तिने चुलीकडे पाहिलं. बाजी विस्तवाकडे बघत होते. शेळ्या विकायची गोष्ट निघाली तरी त्यांनी मान वर केली नव्हती. शेळ्या गेल्या की ह्या माणसात काही उरणार नाही. किकवीच्या खोलीत हा असाच भिंतीकडे बघत संपून जाईल, हे तिला लख्ख दिसलं.

ती म्हणाली, "ही शिवरात्र न्हाई, तिच्या फुडची. तवर थांब. म्या घरापाशी झाडं करते. बिगीबिगी वाढनारी, भुईवर हुबं ऱ्हाऊन तोडता येतील अशी. झाली तर शेळ्या ऱ्हातील. न्हाई झाली तर तू आन तुझा यापारी, काय करायचं ते करा."

सिद्धनाथ हो म्हणाला. नुसता हो म्हणून थांबला नाही, पंधरा दिवसांनी महामार्गाच्या नर्सरीतून सुबाभळीची पन्नास रोपं टेम्पोने पायथ्याशी आणि तिथून पाठीवर घेऊन वर आला. हिरवीगार, कमरेएवढी रोपं. सहा महिन्यांत डोक्यावरून जातील, असं नर्सरीवाल्याने सांगितलं होतं. सहा महिने कशाला, पौषातच निकाल लागला. एका सकाळी माळावर दंव इतकं पडलं की गवत कुरकुरीत झालं. दोन दिवसांनी पन्नासही शेंडे काळे पडले आणि महिनाभरात उभ्या काड्या राहिल्या.

भागूबाईने कपाळावर हात मारला, पण स्वतःच्याच. भैरवनाथाने एकदा खालच्या मुलखातून लांब कानांचा देखणा बोकड आणला होता, तेव्हा हीच बाई हसली होती. "त्येला आपला पाऊस सोसायचा न्हाई," म्हणाली होती, आणि श्रावणात तो बोकड खोकून खोकून गेला. जनावर घेताना आई कुठल्या डोंगरातली ते विचारायचं, आणि झाड घेताना मात्र कुठल्या उन्हात वाढलं ते विचारायचं नाही? स्वतःची अक्कल ऐन वेळी कुठं चरायला गेली होती, असं ती पुढे कितीतरी दिवस म्हणायची.

मग तिला ठकुबाई आठवली. ठकुबाईचं शेत खिंडीखालचं शेवटचं, वाऱ्याच्या अगदी तोंडावर. त्या बांधावर शेवरीची झाडं आहेत, बारीक पानांची, पिवळ्या फुलांची. पानमळेवाले वेलीला आधार म्हणून लावतात तीच ही शेवरी. वर्षभरात दोन पुरुष उंच जाते, शेळ्या तिच्यावर तुटून पडतात, आणि कितीही छाटली तरी ती पुन्हा फुटते. वेल्ह्याच्या बाजारात दोघी भेटल्या. दोन गोणी लेंडीखताच्या बदल्यात ठकुबाईने वाळलेल्या शेंगांचं बी पदरात ओतलं.

"कडकडीत पान्यात न्हाई गं, हात घालवंल इतपत गरम पान्यात रातभर भिजीव," ठकुबाईने सांगितलं. "मंग रुजतंय. आमी काय, नुसतं फेकतो बांधावर."

"तुझी माती हाय, माझा कातळ हाय," भागूबाई म्हणाली. "फेकलं तर पयल्या पावसात धुऊन जाईल. मला आखाडाच्या आत रोप कमरंला लागाय पायजे."

सिद्धनाथने किकवीच्या चहावाल्यांकडून दुधाच्या रिकाम्या पिशव्या गोळा करून आणल्या. माती, लेंडीखत, थोडी राख असं कालवून भागूबाईने माघात तीनशे पिशव्या भरल्या. बी पाचव्या दिवशी वर आलं. आणि मग तिच्या मनात ते सुबाभळीचे काळे शेंडे उभे राहिले. दुधाने तोंड पोळलेली बाई; आता ती ताक फुंकणारच.

शेळ्यांच्या वाड्यात वर बांबूचा माळा आहे. खाली बत्तीस शेळ्या बसल्या की त्यांची ऊब वर चढते, अगदी पौषातही तिथे हात शेकून निघतात. भागूबाईने दोनशे चाळीस पिशव्या त्या माळ्यावर मांडल्या. कौलांच्या फटीतून थोडा उजेड येत होता, तेवढा पुरे, असं तिला वाटलं. उरलेल्या साठ पिशव्यांना जागा नव्हती. त्या तिने वाड्यामागे दगडांच्या आडोशाला ठेवल्या, वर बोरीच्या काट्या टाकल्या आणि म्हणाली, "जगलात तर तुमचं नशीब."

त्याच दिवसांत वाड्यात करडं जन्मत होती. गारमाळावर एक जुनी रीत आहे. नवं करडू सात दिवस चुलीपाशी डालग्याखाली, म्हणजे पालथ्या टोपलीखाली ठेवतात. आठव्या दिवशी पहाटे त्याला उचलून माळाच्या कडेला न्यायचं आणि वाऱ्याकडे तोंड करून घटकाभर धरायचं. करडू थरथरतं, ओरडतं, हातातून निसटू पाहतं. तरी धरून ठेवायचं. त्याला वारं दावणं म्हणतात. भागूबाईला हे तिच्या सासूने, फुलाबाईने, लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकवलं. "आज ज्येची कीव करशील, त्येला आखाडात पुरशील," फुलाबाई म्हणायची. त्या माघात भागूबाईने अकरा करडांना वारं दावलं. प्रत्येक वेळी माळ्याखालून येता-जाता तिने वरच्या रोपांकडे मान उंचावून बघितलं आणि समाधानाने पुढे गेली.

रोपं वाढली म्हणजे काय वाढली! होळीला गुडघ्याला, अक्षय्य तृतीयेला कमरेला, ज्येष्ठात छातीला. लांब, हिरवी, नाजूक. सगळी कौलांच्या फटींकडे माना करून. वर्षाराणीने मोबाईलवर फोटो काढले. "आत्या, नर्सरीच टाका आता," ती म्हणाली. भैरवनाथसुद्धा बघायला आला आणि काही खोट काढता येईना म्हणून चहा पिऊन गेला. वाड्यामागची साठ मात्र ज्येष्ठातही गुडघ्याच्या वर सरकली नव्हती. पानं जाड, खोडं खालून अंगठ्याएवढी, आणि तोंडं सदा आंबट केल्यासारखी. त्यांच्याकडे बघून भागूबाईला लाजच वाटायची.

मृगाचा पाऊस झाला आणि तिने रोपं लावली. लांबसडक दोनशे चाळीस घराच्या पुढे, दोन ओळींत, पाहणाऱ्याचा डोळा पडेल अशी. बुटकी साठ राहिली होती ती उरल्यासुरल्या खड्ड्यांत, माळाच्या पार कडेला, जिथे वाऱ्यामुळे गवतसुद्धा आडवं वाढतं.

आषाढात वारा सुटला. तो आठ दिवस थांबला नाही. पाऊस वरून पडत नव्हता, बाजूने येत होता. घराचं दार उघडायची सोय नव्हती. नवव्या दिवशी जरा उघडीप मिळाली तशी भागूबाई इरलं डोक्यावर घेऊन बाहेर पडली आणि पहिल्या ओळीपाशीच उभी राहिली.

दोनशे चाळीस रोपं चिखलात निजली होती. काही बुंध्याशी पिरगळलेली, काही मोडलेली, काहींची मुळं उघडी. तिने एक उचलून सरळ केलं. सोडलं की ते पुन्हा पडलं. दुसरं उचललं. तेही पडलं. खोड बोटात दाबलं तर त्यातून नुसतं पाणी आलं. ती एकेक उचलत ओळीने गेली आणि शेवटी रडायला लागली, मोठ्याने. पावसात कोण ऐकतंय? एवढ्या शेळ्यांची ऊब दिली, रोज ओंजळीने पाणी घातलं, आणि ही अशी दगा देऊन निजली!

रडतच ती माळाच्या कडेपर्यंत गेली. तिथे ती साठ बुटकी उभी होती.

वाऱ्याने त्यांची निम्मी पानं नेली होती. पण उभी होती. भागूबाईने एकाला धरून हलवलं. ते हललं आणि जागेवर आलं. तिने जोर लावून ओढलं तर तेही तिला ओढायला लागलं. ती तिथेच ओल्या दगडावर बसली. आणि मग कितीतरी वेळाने, कुणी पाठीत धपाटा घालावा तसं तिला फुलाबाईचं बोलणं आठवलं. अकरा करडांना वारं दावलं, आणि त्यांच्याच डोक्यावर ठेवलेल्या रोपांना दावायचं राहिलं. चाळीस वर्षं धनगराच्या घरात काढली आणि एवढं कळू नये?

तिने मान वळवून घराकडे पाहिलं. कौलांतून धूर निघत होता. दार तिनेच येताना लोटून घेतलं होतं. दारामागे, चुलीपाशी, घोंगडीत गुंडाळलेले बाजी बसले होते. दिवाळीपासून बसलेले. तिच्या मायेच्या उबेत.

"अगं बया," भागूबाई स्वतःशी म्हणाली. "म्या त्येंनाबी माळ्यावर ठिवलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजींच्या हातात चहा आला नाही. त्यांनी वाट पाहिली, खाकरले. भागूबाई भाकरी थापत होती.

"च्या भाईर दगडावर ठिवलाय," ती म्हणाली. तिचा आवाज ठरवल्यापेक्षा जास्तच कडक निघाला.

"भाईर? पाऊस हाय."

"मंग लवकर जावा. न्हाईतर पानी वाढंल त्येच्यात."

बाजींनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू बायको बदलून आली आहे. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी भिंत धरत, काठी टेकत ते दारात गेले, दगडापर्यंत पोचले आणि निवलेला, पाणी झालेला चहा प्याले. नंतर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण चार शब्दांपेक्षा जास्त होतं, आणि भागूबाईला ते एखाद्या आरतीसारखं गोड लागलं.

मग तिने त्यांना काम लावलं. कडेची ती साठ रोपं शेळ्यांपासून राखायची. शेवरीचा वास लागला की शेळी काट्याचं कुंपणही जुमानत नाही. "माझ्यानं हुईत न्हाई आता येवढं," ती म्हणाली, जे अर्थातच खोटं होतं. बाजी रोज थोडे पुढे जाऊ लागले. आधी दगडापर्यंत, मग वाड्यापर्यंत, मग निम्म्या माळापर्यंत.

भाद्रपदात एका सकाळी ते पडले. भागूबाई दारातच होती. काठी निसटली, दुखरा पाय शेवाळावरून गेला, आणि बाजी चिखलात पालथे झाले. धावायला म्हणून एक पाऊल तिने उचललं, आणि मग दाराची चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली. इतकी घट्ट की नखात लाकडाची कपची गेली, ते तिला संध्याकाळी कळलं. आयुष्यात तिने पुष्कळ जड ओझी उचलली आहेत, लाकडाच्या मोळ्या उचलल्या, मेलेलं वासरू उचललं. पण त्या घटकेला जागेवर उभं राहणं तिला ह्या सगळ्यांहून जड गेलं. बाजींनी मागे वळून पाहिलं. ती येत नाही हे पाहिलं. मग कोपरांवर, मग गुडघ्यांवर, मग काठी चाचपून, शिव्या देत, ते उठले. चिखलाने भरलेले तसेच पुढे रोपांपाशी गेले. भागूबाई आत येऊन चुलीपाशी, त्यांच्याच जागेवर बसली आणि पोटभर रडली.

त्या दिवसानंतर दार लोटायची तिची सवय गेली.

हिवाळा आला तेव्हा साठ शेवरी दोन पुरुष उंच झाल्या होत्या. खालची खोडं मनगटाएवढी. पौषात बाजींनी कोयता घेतला आणि जमिनीवर उभं राहून, छातीच्या उंचीवर, पहिली छाटणी केली. छाटलेल्या जागी आठवड्यात नवे कोंब दिसले. तो पाला शेळ्यांनी असा खाल्ला की खाली काडी उरली नाही. साठ झाडांवर बत्तीस शेळ्यांचा उन्हाळा निघत नाही, हे भागूबाईला कळत होतं. ती काही खुळी नाही. म्हणून तिने त्याच साठांचं बी धरलं, मागच्या वर्षीच्या पिशव्या धुऊन पुन्हा भरल्या, खाली वेल्ह्यातून आणखी शंभर गोळा केल्या. ह्या वेळी चारशे पिशव्या उघड्या माळावर, दंवात, वाऱ्यात. रोपं बोटभर, आंबट तोंडाची. बघणाऱ्याला दाखवावं असं त्यांत काही नव्हतं.

शिवरात्र झाली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सिद्धनाथ वर आला. बरोबर शेळ्यांचा व्यापारी, कोंडिबा म्हणून. बोलल्याप्रमाणे. सिद्धनाथने मधल्या महिन्यांत जादा पाळ्या केल्या होत्या. दिवाळीला एक रात्र येऊन गेला तेव्हा बाजींना त्याने अंगणात काठी टेकून उभं पाहिलं होतं, तेवढंच. झाडं त्याने येतायेता बघितली आणि थांबून बघितली. पण हिशेब त्याच्याही डोक्यात होता.

"आय, साठ झाडं हायेत," तो हळू म्हणाला. "झाडं चांगली हायेत. पर साठच हायेत."

"चारशे पिशवीत हायेत."

"ती येवडी येवडी?"

"तीच."

कोंडिबा वाड्याकडे गेला, आत डोकावला आणि परत आला. "मावशी, शेळ्या?"

"चराय गेल्यात," भागूबाईने चहा पुढे केला. "बसा. येतील."

"कोण घिऊन गेलंय? चुलता?" सिद्धनाथने विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "मालक."

सिद्धनाथने घरात पाहिलं. चुलीपाशी कुणी नव्हतं. घोंगडी खुंटीवरही नव्हती. तो पुन्हा आईकडे बघायला लागला, पण ती राख ओढण्यात गुंतली होती.

कोंडिबाने चहा घेतला, मोबाईल काढला, रेंज नाही म्हणून ठेवला. ऊन वर आलं. भागूबाईच्या हातात काही टिकेना. ती आत गेली, बाहेर आली. सकाळी जाताना बाजी म्हणाले होते, "पलीकडच्या टेपापतूर जातो." ते टेप तिने दोन वर्षांत त्यांना करू दिलं नव्हतं. जा म्हणाली खरी. पण आता मुलगा दारात, व्यापारी दारात, आणि तो माणूस मोडक्या पायाने तीन ओढे ओलांडून गेलेला. पडला असेल तर? ह्या वेळी चौकट धरून भागणार नव्हतं. सिद्धनाथही उठून माळाच्या कडेला, शेवरीपाशी जाऊन उभा राहिला होता.

तेवढ्यात पलीकडून हाक आली.

"हैऽऽऽ हुर्रऽऽऽ! खैरेऽऽ, फीर माघारी!"

आवाज थोडा पिकला होता. पण टेपावरून निघून घळ ओलांडून घरापर्यंत आला, आणि समोरच्या उतारावर काळे-तांबडे ठिपके एकदम वळले. त्यांच्या मागे घोंगडी, काठी आणि लंगडत, सावकाश उतरणारा माणूस. सिद्धनाथ जागचा हलला नाही. लहानपणी ह्याच हाकेवर तो शाळेची पाटी टाकून पळत सुटायचा.

पुष्कळ वेळाने तो परत अंगणात आला. आईकडे न बघता कोंडिबाला म्हणाला, "पावनं, चला. तुमाला खाली सोडतो. इनाकारन दमवलं तुमाला."

कोंडिबा शहाणा माणूस. त्याने टोपी सारखी केली, मावशीला राम राम घातला आणि वाटेला लागला. सिद्धनाथ त्याच्यामागे चार पावलं गेला आणि थांबला.

"आय, दुधाच्या पिशव्या आनखी किती लागतील?"

भागूबाईने पदराने डोळे पुसले, आणि पुसून होईपर्यंत पुन्हा भरले. उतारावरून शेळ्यांच्या घंटा जवळ येत होत्या.

"आन पाचशे," ती म्हणाली. मग आत गेली, बाजींचा चहा गाळला आणि बाहेर दगडावर नेऊन ठेवला.